नवजात मुलाची सुंता : निर्णयामागची पार्श्वभूमी

जुन्या नाशकात किंवा मालेगावात मुस्लिम घरी मुलाची सुंता करायची की नाही, हा प्रश्न सहसा निघतच नाही. चर्चा होते ती केव्हा, कुठे आणि कोणाच्या हातून करायची याची. गंगापूर रोडवरच्या ज्या घरांतील मुलगी-जावई अमेरिकेत असतात आणि आई बाळंतपणासाठी तिकडे जाते, त्या घरांत मात्र हा प्रश्न रुग्णालयाच्या संमतीपत्रातून प्रथमच समोर येतो. आंतरधर्मीय दांपत्यांपुढे तो आणखी वेगळ्या रीतीने उभा राहतो. या तिन्ही ठिकाणी ‘वैद्यकीयदृष्ट्या योग्य काय’ असे विचारले जाते, आणि त्याचे उत्तर देश व दशक यांनुसार बदलत आले आहे.

धार्मिक परंपरा अर्थातच प्राचीन आहे. महाराष्ट्रापुरते सांगायचे, तर कोकणात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखल्या गेलेल्या बेने इस्रायली ज्यू समाजाने हिब्रू भाषा जवळजवळ विसरल्यावरही शनिवारची विश्रांती आणि आठव्या दिवशीची सुंता सोडली नाही. मुस्लिमांमध्ये वयाचे असे बंधन नाही. कोकणी मुस्लिमांच्या शाफई धर्मशास्त्रीय परंपरेत ती अनिवार्य मानली जाते, तर मालेगावच्या विणकरांच्या हनफी परंपरेत ती सुन्नत, म्हणजे पाळावी अशी प्रेषितांची प्रथा, आहे. व्यवहारात हा फरक फारसा जाणवत नाही. पूर्वी हे काम हज्जाम घरी येऊन करीत असे. आता अनेक कुटुंबे दवाखान्यात जातात.

वैद्यकीय वादाला खरे वळण मिळाले ते 1949 मध्ये. ब्रिटनमधील एका बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिले, की जन्मतः अग्रत्वचा, म्हणजे शिश्नाच्या टोकावरची कातडी, आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि ती पूर्ण मागे सरकेल अशी अवस्था नवजात मुलांपैकी जेमतेम 4 टक्क्यांत आढळते. त्याच लेखात या शस्त्रक्रियेमुळे ब्रिटनमध्ये वर्षाला सुमारे 16 लहान मुले दगावत असल्याची नोंद होती. तेथील नव्या सरकारी आरोग्यसेवेने सरसकट सुंतेचा खर्च उचलला नाही आणि ही प्रथा ओसरली. 1968 मध्ये डेन्मार्कमधील शाळकरी मुलांच्या पाहणीने या निष्कर्षाला बळ दिले: सहा-सात वर्षांच्या मुलांत सुमारे 8 टक्के असलेले फायमोसिसचे, म्हणजे कातडी मागे न सरकण्याचे, प्रमाण सतराव्या वर्षापर्यंत 1 टक्क्यावर आले होते. नाशिकच्या घरांसाठी हा तपशील इतर कोणत्याही तपशिलापेक्षा उपयोगाचा आहे, कारण बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईने रोज तेल लावून कातडी मागे ओढण्याची पद्धत आपल्याकडे अजून टिकून आहे. जबरदस्तीने ओढल्यास बारीक जखमा होतात, त्या भरताना व्रण राहतो आणि मुळात नसलेला दोष निर्माण होऊ शकतो. लघवी करताना कातडी फुगते म्हणून सुचवली जाणारी शस्त्रक्रियाही अनेकदा टाळता येते. खरा अडथळा असला तरी आधी काही आठवडे स्टेरॉइडचे मलम लावून पाहतात आणि बहुतेक मुलांना तेवढे पुरते.

अमेरिकेचा रस्ता निराळा होता. रुग्णालयातील बाळंतपणे आणि विमा यांच्या आधाराने तिथे सुंता नेहमीची झाली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1971 मध्ये नवजात मुलांच्या सरसकट सुंतेला वैद्यकीय आधार नसल्याचे म्हटले होते. 1999 मध्ये तिने वेदनाशमन आवश्यक ठरवले; म्हणजे तोवर ते गृहीत नव्हते, ही गोष्ट आज वाचताना खटकते. मग 2012 मध्ये तिने जाहीर केले, की फायदे धोक्यांपेक्षा अधिक आहेत, मात्र सर्व मुलांना शिफारस करावी इतके ते मोठे नाहीत. हे विधान अर्धवट उद्धृत होत आले आहे: समर्थक पूर्वार्ध सांगतात आणि विरोधक उत्तरार्ध. त्यामागे प्रामुख्याने आफ्रिकेतील तीन चाचण्या होत्या, ज्यांत स्त्रीकडून पुरुषाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग सुमारे 60 टक्क्यांनी घटल्याचे दिसले आणि ज्यांच्या आधारे 2007 मध्ये जागतिक पातळीवर शिफारस झाली. पण त्या चाचण्या स्वेच्छेने आलेल्या प्रौढ पुरुषांवरच्या होत्या, आणि शिफारसही मुख्यतः पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील मोठा प्रादुर्भाव असलेल्या देशांसाठी होती. नवजात मुलाला लगेच मिळणारा लाभ मूत्रमार्गाच्या संसर्गापुरता आहे, आणि असा एक संसर्ग टाळण्यासाठी साधारण शंभर मुलांची सुंता करावी लागते. 2013 मध्ये मुख्यतः युरोपातील 38 डॉक्टरांनी अमेरिकी संघटनेच्या या विधानावर सांस्कृतिक पूर्वग्रहाचा आरोप केला. पूर्वग्रह तुमच्याही बाजूला आहे, असे उत्तर त्यांना मिळाले. दोन्ही म्हणणी खरी वाटतात. तरीही ज्या लाभाची गरज मुलगा मोठा झाल्यावर पडणार आहे, त्यासाठी त्याच्या जन्माच्या आठवड्यातच घाई का करावी, याचे समाधानकारक उत्तर त्या विधानात सापडत नाही.

कायद्याच्या बाजूने 2012 मध्येच कोलोनच्या न्यायालयाने धार्मिक सुंतेला शारीरिक इजा ठरवले आणि त्याच वर्षाअखेर जर्मनीने अटींसह तिला परवानगी देणारा कायदा केला. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही; केरळ उच्च न्यायालयात आलेली बंदीची याचिका 2023 मध्ये फेटाळली गेली. त्यामुळे निर्णय आईवडिलांकडेच आहे.

ज्या घरांत तो परंपरेने आधीच झालेला असतो, तिथे कोणाच्या हातून हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. कुटुंबात रक्त न गोठण्याचा आजार असल्यास किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचे असल्यास सुंता पुढे ढकलतात. मूत्रमार्गाचे तोंड टोकाऐवजी खाली असल्यास ती मुळीच करीत नाहीत, कारण त्या दोषाच्या दुरुस्तीसाठी शल्यचिकित्सकाला तीच त्वचा लागू शकते. घरी येणाऱ्या हज्जामाच्या नजरेतून हा दोष सुटू शकतो, म्हणून आधी बाळाची डॉक्टरांकडून तपासणी व्हायला हवी.