विली नेल्सन: ॲबटच्या कापसापासून ऑस्टिनच्या मंचापर्यंत

अमेरिकेतल्या ‘कंट्री’ या ग्रामीण वळणाच्या संगीतातला विली नेल्सन गायक म्हणून खऱ्या अर्थाने गाजला तो चाळिशी उलटल्यावर. गीतकार म्हणून त्याचं नाव कधीच झालं होतं. मग गळ्यालाच एवढा उशीर का झाला?

ॲबट हे टेक्सासमधलं, वेको शहराच्या उत्तरेचं कापूसपट्ट्यातलं खेडं. १९३३ मध्ये तिथे जन्मलेल्या विलीला आणि थोरल्या बहिणीला, बॉबीला, आजी-आजोबांनी वाढवलं. सहाव्या वर्षी आजोबांनी हातात गिटार दिली. दहाव्या वर्षाच्या सुमारास तो चेक स्थलांतरितांच्या पोल्का (एक उडता युरोपीय नाच) बँडमध्ये वाजवू लागला. कापूस वेचण्यापेक्षा हे बरं. चर्चमधली भजनं, मेक्सिकन शेतमजुरांची गाणी, रेडिओवरचं जॅझ, सगळं एकाच कानात साठत गेलं. म्हणून तो कंट्री गातो तेही जॅझवाल्यासारखं: शब्द ठेक्याच्या मागे रेंगाळवायचे, मध्येच पुढे काढायचे आणि ओळ संपताना लय गाठायची.

१९६० मध्ये तो कंट्री संगीताच्या राजधानीत, नॅशव्हिलला गेला. तिथली रीत ठरलेली: लिहिणारा एक, गाणारा दुसरा, वादक स्टुडिओचे, वर व्हायोलिनचा आणि कोरसचा थर. त्याची गाणी खपली. ‘क्रेझी’ पॅट्सी क्लाइनने, ‘हॅलो वॉल्स’ फॅरन यंगने १९६१ मध्ये गाजवलं. (‘फॅमिली बायबल’ तर त्याने आधीच ५० डॉलरला विकून टाकलं होतं.) पण त्याचा स्वतःचा गळा त्या जाड साजात गुदमरायचा. मागे कोरस घड्याळासारखा चालत असेल, तर रेंगाळणारा गायक बेताल वाटतो.

१९७० च्या डिसेंबरात घर जळालं आणि तो टेक्सासला परतला. ऑस्टिनमध्ये हिप्पी आणि शेतकरी एकाच मंचासमोर उभे राहत. १९७५ मध्ये त्याचा ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम टेक्सासमधल्याच गार्लंडच्या एका छोट्या स्टुडिओत मोजक्या वाद्यांवर ध्वनिमुद्रित झाला, पियानोवर बॉबी. रेकॉर्ड कंपनीतल्या काहींना तो कच्चा नमुनाच वाटला. त्यातलंच एक गाणं कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत पहिलं आलं.

त्याच्या आवाजाइतकीच ओळखीची ‘ट्रिगर’: १९६९ मध्ये ७५० डॉलरला घेतलेली मार्टिन एन-२० गिटार. नायलॉन तारांची, बोटांनी वाजवायची, त्यामुळे तिला पिकगार्ड, म्हणजे ओरखड्यांपासून लाकूड वाचवणारी पट्टी, नाही. विली मात्र पिकनेच, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीनेच, वाजवतो. परिणामी मधल्या गोल भोकाजवळच्या स्प्रूस लाकडाला दुसरं भगदाड पडलं. ऑस्टिनचा कारागीर मार्क अर्लवाइन झिजलेल्या लाकडावर लॅकर चढवून ती वाजती ठेवत आला आहे. तिचा पिकअप, म्हणजे तारांचा आवाज ॲम्प्लिफायरपर्यंत नेणारा भाग, आधीच्या मोडलेल्या बाल्डविन गिटारमधला. तो नसता तर नायलॉनचा मऊ आवाज मोठ्या गर्दीत पोचलाच नसता.

१९८५ मध्ये त्याने नील यंग आणि जॉन मेलनकँप या गायकांसोबत कर्जबाजारी शेतकऱ्यांसाठी ‘फार्म एड’ ही मदत-मैफल सुरू केली. १९९० मध्ये मात्र करखात्याने त्याच्याकडेच सुमारे १.६७ कोटी डॉलर मागितले आणि मालमत्तेवर टाच आणली. ट्रिगर त्यांच्या हाती लागली नाही. मुलीने ती आधीच हवाईला पाठवली होती.