हाई भीत कोनी बांधी? : डाइक आणि तट

धुळ्याहून साक्री-नंदुरबारकडे निघालं की खिडकीत बसलेलं पोर हमखास विचारतं, "हाई भीत कोनी बांधी?" शेतांच्या मधूनच काळ्या दगडांची एक सरळ रांग उठते, टेकडीवर चढते, पलीकडे उतरते. लहानपणी मला याचं उत्तर मिळालं होतं, "गवळी राजानी." कित्येक वर्षं मी तो पडलेला किल्लाच समजत होतो.

ती भिंत कोणीच बांधलेली नाही. भूगोलात तिला डाइक म्हणतात. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा वर आला. पुस्तकातल्या चित्रासारखा ज्वालामुखीचा शंकूचा डोंगर इथे शोधू नका. लाव्हा भेगांतून येऊन पसरला आणि थरावर थर साचले. काही भेगांत तो आतच थिजला. पुढे आजूबाजूचा खडक झिजून गेला, भेगेतला टणक दगड उघडा पडला. धुळे-नंदुरबार पट्ट्यात असे दोनशेहून जास्त डाइक नोंदले गेले आहेत, बहुतेक पूर्व-पश्चिम, तापीच्या जवळपास समांतर.

गोंधळ होतो तो रचनेमुळे. निवताना लाव्हा आकसतो, त्याला तडे जातात आणि पाच-सहा कोनांचे खांब तयार होतात. पसरलेल्या थरात ते उभे असतात. डाइकमध्ये थंडावा दोन्ही बाजूंनी आत सरकतो, म्हणून खांब आडवे पडतात. बाजूने पाहिलं की सरपणाची थप्पी रचावी तशी खांबांची तोंडं दिसतात. गवंड्याचंच काम वाटतं!

आता धुळ्याजवळच्या लळिंगच्या किल्ल्यावर चला. दगड तोच, काळा बेसाल्ट. पण इथे सांध्यांत चुना शोधायचा आणि दगडाच्या तोंडावर टाकीचे घाव. तटाला बुरूज असतो, दरवाजा असतो, आणि तो शत्रू येईल त्या बाजूला वळतो. डाइकला शत्रूशी काय देणंघेणं? तो भेग जाईल तिकडे जातो, आणि दोन टेकड्यांच्या मधे गायब झाला तरी बऱ्याचदा जमिनीखाली चालूच असतो. म्हणून तर विहीर खणताना त्याचा विचार करावा लागतो. अखंड डाइक भूजलाला बांधासारखा अडवतो, तडकलेला असेल तर उलट पाणी वाहून नेतो.

तटाचा इतिहास मुलांना भावांच्या भांडणातून सांगावा, लगेच कान टवकारतात. 1370 मध्ये दिल्लीच्या सुलतानाकडून, फिरोजशाह तुघलकाकडून, मलिक राजा फारुकी या सरदाराला थाळनेर मिळालं. 1399 मध्ये तो वारला, थोरल्या मुलाकडे, नसीरकडे, लळिंग आलं, धाकट्याकडे तापीकाठचं थाळनेर. नसीरला तेवढ्यावर समाधान नव्हतं, पुढे त्याने थाळनेरही घेतलं.

पण 'फार जुनं' आणि 'फार फार जुनं' यांतला फरक तोंडी सांगून कळत नाही. साडेसहाशे वर्षं म्हणजे पट्टीवरचा एक सेंटिमीटर धरा. तटाचं वय नखाएवढं झालं. त्याच मापाने डाइकचं वय किती? अख्खा एक किलोमीटर. हे वर्गात सांगू नका, तेवढं चालायला लावा.

शेवटी कड्याशी थांबा. डोंगरी किल्ल्यात जिथे लाव्ह्याच्या थराचा ताशीव कडा आयता मिळाला, तिथे तो तसाच वापरला आणि कमी पडलं तिथेच तट उभारला. हा कडा डाइक नव्हे, पण माणसाचं कामही नव्हे. निसर्ग कुठे संपला आणि पाथरवट कुठून सुरू झाला, ती रेघ मुलांना दुरूनच बोटाने दाखवायला सांगा. भांडणं होतील. मोठ्यांनी मधे पडू नये.