ग्येकुंदो: पक्षी, मठ आणि मणीचे दगड

तिबेटी पठाराच्या पूर्वेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवर ग्येकुंदो वसले आहे. चीनच्या नकाशावर ते चिंगहाय प्रांतातले यूशू. सिचुआनमधून ल्हासाकडे निघालेले चहाचे तांडे पूर्वी इथे मुक्काम करत. आता दुर्बिणी गळ्यात अडकवलेली माणसे येतात आणि त्यांच्या पक्ष्यांच्या यादीतली बरीच नावे एकोणिसाव्या शतकातल्या रशियन मोहिमांकडे बोट दाखवतात.

रशियन संशोधक-प्रवासी निकोलाय प्रझेवाल्स्की कोसॅक शिपायांसह ल्हासाला निघाला होता. ल्हासा त्याला कधीच गाठता आले नाही, पण कोकोनोर (आजचे चिंगहाय) सरोवरावरच्या काळ्या मानेच्या क्रौंचाचे वर्णन त्याने १८७६ मध्ये प्रसिद्ध केले. जगातल्या क्रौंचांच्या पंधरा जातींत शास्त्राला सर्वांत शेवटी कळलेला हाच. त्याच वर्षी एका छोट्या गुलाबी पक्ष्याला त्याने आपला सहकारी पिल्त्सोव्ह याचे नाव दिले. हा पक्षी इतका निराळा निघाला की आज त्याचे कूळच स्वतंत्र मानतात. पुढे रशियन प्रवासी कोझलोव्हची मोहीम (१८९९-१९०१) खाममध्ये, म्हणजे पूर्व तिबेटात, शिरली. १९०४ मध्ये वर्णन झालेल्या तिबेटी भारीट (बंटिंग) या छोट्या पक्ष्याला त्याचेच नाव मिळाले.

नावे रशियनांनी दिली. पक्षी राखले ते मात्र मठांनी, असे मला ठामपणे वाटते. मठाच्या आवारात शिकार वर्ज्य. त्यामुळे पांढरे कर्ण-फेझंट हे कोंबडीच्या कुळातले पक्षी, लालबुंद चेहरा आणि काळ्या टोपीचे, मठाच्या आसपास निर्धास्त चरतात. भिक्षू त्यांना दाणेही टाकतात.

या बौद्ध परंपरेवर घाव पडले. गावाजवळची ग्यानाक मणी ही मंत्र कोरलेल्या दगडांची प्रचंड रास १७१५ पासूनची मानतात. चीनमधल्या सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) तिचे दगड बांधकामासाठी उचलून नेले गेले. लोकांनी ती पुन्हा रचली. १४ एप्रिल २०१० च्या भूकंपात अडीच हजारांहून अधिक माणसे दगावली, जवळजवळ सगळे गाव कोसळले आणि रासही ढासळली. घरांबरोबर तीही पुन्हा उभी राहिली.

जवळच्या लोंगबाओ पाणथळीला क्रौंचांसाठी १९८६ मध्ये राष्ट्रीय अभयारण्याचा दर्जा मिळाला. उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात दिसणारा पट्टकादंब हा हंसासारखा पक्षीही याच पठारावर वीण करणारा. जुलैअखेर ग्येकुंदोत घोड्यांची जत्रा भरते, तेव्हा क्रौंचांची पिल्ले आईबापांमागे हिंडू लागलेली असतात. दोन्ही पाहायचे तर हाच काळ योग्य.