दावा-माहितीची शुद्धता (आरोग्य विमा, सोलापूर)

रुग्णाची ओळख, पॉलिसीचा तपशील, निदान, उपचार आणि बिल या नोंदी एकमेकींशी जुळत्या ठेवण्याची रुग्णालयीन कामाची पद्धत. दावा नाकारला की बोट विमा कंपनीकडे किंवा टीपीएकडे (कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडे) दाखवले जाते. पण बरेच दावे रुग्ण खाटेवर पोचण्याआधीच, दाखल करतानाच्या कागदावर बिघडलेले असतात.

सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणारी कुटुंबे एकाच खिडकीवर येतात. तेलुगू घरांत घराण्याचे नाव आधी लावतात, त्यामुळे आधारवरचे आडनाव पॉलिसीत पहिले नाव होऊन बसते. ग्रामदैवतामुळे घरोघरी असलेले ‘सिद्धेश्वर’ हे नाव इंग्रजीत कुठे ‘एच’ गाळून, कुठे ‘डी’ गाळून, कुठे ‘व्ही’ने तर कुठे ‘डब्ल्यू’ने लिहिले जाते. जन्मतारखेवर भिस्त ठेवावी, तर शाळेत नाव घालताना लावून दिलेली १ जून ही तारीख जुन्या पिढीत अनेकांची असते. म्हणून सदस्य क्रमांक, मोबाईल क्रमांक आणि फोटोचे ओळखपत्र तिन्ही ताडून पाहावे. नाव ऐकून टाइप करू नये, कार्डावरून अक्षरन् अक्षर उतरवावे.

सर्वांत महागात पडतो तो पूर्वेतिहासाचा रकाना. कॅज्युअल्टीत नातेवाईक ‘बरेच दिवस बीपी आहे’ म्हणतात आणि घाईत ‘५ वर्षे’ लिहिले जाते. पॉलिसी दोन वर्षांची असेल, तर तो आजार लगेच ‘आधीपासूनचा’ आणि न सांगितलेला ठरतो. अशा आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी (ज्या काळात त्या आजाराचा खर्च मिळत नाही) ३६ महिन्यांपर्यंत असू शकतो. डिस्चार्जनंतर आणलेले ‘५ महिने असे वाचावे’ हे पत्र संशय वाढवते. कालावधी कोणी सांगितला, कोणत्या जुन्या कागदावरून घेतला, हे तिथेच लिहावे. अंदाज असेल तर ‘अंदाजे’ म्हणावे. चूक झाल्यास एक रेघ मारून तारीख, वेळ, सही करावी, व्हाइटनर नको. खरा आजार गाळणे ही मात्र शुद्धता नव्हे, फसवणूक आहे. सलग ६० महिने संरक्षण असल्यास फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज माहिती दडवल्याच्या कारणाने दावा नाकारता येत नाही. त्यामुळे पोर्ट केलेल्या, म्हणजे दुसऱ्या कंपनीकडून वळवून आणलेल्या, पॉलिसीची मूळ सुरुवातीची तारीख फाइलमध्ये हवीच.

आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय संकेतांक-यादीत मूत्रपिंडातील खड्याला एन २०.० आणि मूत्रवाहिनीतील खड्याला एन २०.१ हा संकेतांक आहे. सोनोग्राफीत एक आणि पूर्वपरवानगीच्या अर्जात दुसरा, की कंपनीची क्वेरी (खुलासा मागणारी विचारणा) आलीच. मोतीबिंदूचा संकेतांक डोळा कोणता हे सांगत नाही. ‘उजवा’ किंवा ‘डावा’ हा शब्द अर्ज, संमतीपत्र आणि शस्त्रक्रियेच्या टिपणात सारखा असावा आणि लेन्सचा स्टिकर फाइलमध्ये चिकटवलेला असावा. डेंग्यूत ‘ताप, निरीक्षणासाठी दाखल’ एवढेच लिहिले तर दाखल करण्याची गरजच नव्हती असा शेरा येतो. रक्तदाब, प्लेटलेटचे रोजचे आकडे, उलट्या, सलाइन का लावले, हे नोंदवावे. डे-केअर (त्याच दिवशी घरी सोडण्याचे) उपचार वगळता साधारणपणे किमान २४ तास दाखल असण्याची अट असते, म्हणून दाखल आणि डिस्चार्जची वेळ २४ तासांच्या घड्याळाने लिहावी.

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस परवानगीवर १ तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर ३ तासांत निर्णय व्हायला हवा. एवढ्या वेळात जुने कागद दुरुस्त होत नाहीत, म्हणून फाइल रोजच्या रोज तपासावी लागते. महिन्याच्या क्वेरी कंपनीनुसार लावण्यापेक्षा चूक कोणत्या टेबलावर झाली त्यानुसार लावल्या तर अधिक उपयोग होतो. नवे सॉफ्टवेअर घेण्याआधी हे करावे.

सरकारी योजनेचे गणित वेगळे. आजच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची पूर्वसुरी योजना २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. तिथे शिधापत्रिका आणि आधारवरील नावांतला फरक आरोग्यमित्राकडे (रुग्णालयातील योजनेच्या मदतनिसाकडे) सुरुवातीलाच मिटवावा लागतो.

तरीही खासगी विम्याचा दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास सोलापूरकरांना पुण्याच्या विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. तिथेही आधी पाहिले जातात ते दाखल होतानाचेच कागद.