कुकर, शिट्टी आणि कोंडलेली वाफ

दुरुस्तीला येणाऱ्या कुकरांच्या तक्रारी बहुतेक दोनच: शिट्टी होत नाही, किंवा झाकणातून वाफ जाते. सुटे भाग आम्ही बदलून देतोच. पण आत काय घडते हे माहीत असले तर कुकर टिकतो आणि गॅसही वाचतो, म्हणून हे पत्रक.

उघड्या पातेल्यात पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळू लागले की त्यापुढे तापत नाही. आच कितीही वाढवा, ती वाफ करण्यातच खर्च होते. आणि हा खर्च मोठा आहे: नळाचे पाणी उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते, त्याच्या सुमारे सातपट ते सगळे आटवायला लागते. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, त्यामुळे तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते आणि डाळ शिजता शिजत नाही.

कुकरमध्ये याच्या उलट. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी १२० अंशांच्या आसपास तापते. दाब किती चढू द्यायचा, हे शिट्टीचे वजन ठरवते. म्हणून पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. मोठ्या आचेवर शिट्ट्या भराभर होतील, पण डाळ त्यामुळे लवकर शिजणार नाही; पाणी मात्र आटेल.

शिट्टी होताना लांबून नीट पाहा. वाफ सुटते त्या तोंडाशी थोडी जागा रिकामी दिसते आणि पांढरे लोट त्याच्या पुढे सुरू होतात. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते, ती दिसत नाही. पांढरे दिसतात ते गार होऊन पुन्हा पाणी झालेले बारीक थेंब. तिथे हात नेऊ नका. कातडीवर वाफेचे पाणी होताना तिने घेतलेली सगळी उष्णता तिथेच सुटते, म्हणून वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट.

घाईत शिट्टी उचलू नका, झाकणावर गार पाणीही ओतू नका. दाब एकदम उतरतो, पण आतली डाळ अजून शंभराच्या वर तापलेली असते. ती उसळून उकळते आणि फेसासकट नळीत चढते. शिट्टी न होणाऱ्या कितीतरी कुकरांच्या नळीत आम्हाला हीच वाळलेली डाळ सापडते! वाफ आपोआप जिरू द्या. कुकर लावण्याआधी झाकण उजेडाकडे धरून नळीतून आरपार दिसते ना, एवढे बघा.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला तर त्या भोकात काहीही ठासून काम भागवू नका. तुमच्या कुकरच्या कंपनीचाच नवा बसवा.

दुरुस्तीला येताना झाकण, रिंग, शिट्टी आणि भांडे, सगळे सोबत आणा. नुसत्या झाकणावरून गळती कुठे आहे ते सांगता येत नाही.