आतड्यातील जिवाणू

माणसाच्या पचनमार्गात, मुख्यतः मोठ्या आतड्यात, जन्मभर वस्तीला असणारे जिवाणू. त्यांच्या जोडीला काही आर्किया (जिवाणूंसारखेच दिसणारे, पण वेगळ्या कुळातले एकपेशी जीव), यीस्ट आणि जिवाणूंनाच लागण करणारे विषाणूही तिथे राहतात. या सगळ्या गोतावळ्याला ‘मायक्रोबायोम’ म्हणतात. न पचलेले अन्न आंबवणे, बाहेरून आलेल्या रोगजंतूंना थारा न देणे आणि प्रतिकारशक्तीला वळण लावणे ही त्यांची मुख्य कामे. गेल्या वीसेक वर्षांत मधुमेहापासून नैराश्यापर्यंत कितीतरी आजारांशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. त्यातले पक्के किती आणि कच्चे किती हे पाहायला एक साधी कसोटी आहे: जिवाणू बदलले, की आजारही बदलतो का? या कसोटीला उतरलेल्या गोष्टी मोजक्याच आहेत. खाली त्यांनाच जास्त जागा दिली आहे.

‘शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे वाक्य अजूनही सर्रास वाचायला मिळते. त्याचे मूळ १९७२ च्या एका ढोबळ अंदाजात आहे. अमेरिकेतील थॉमस लकी यांनी एका ग्रॅममध्ये शंभर अब्ज जिवाणू आणि पचनमार्गात एक किलो ऐवज असे धरून गुणाकार केला होता. पण इतकी दाट वस्ती फक्त मोठ्या आतड्यात असते, आणि तिथे ऐवज असतो सुमारे ४०० ग्रॅम. इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील रॉन सेंडर, शाई फुक्स आणि रॉन मिलो यांनी २०१६ मध्ये हिशेब नव्याने मांडला. ७० किलो वजनाच्या पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी, म्हणजे जवळजवळ बरोबरी. एकदा शौचाला जाऊन आले, की पारडे पेशींकडे झुकू शकते, अशी पुस्तीही त्यांनी जोडली आहे. या सर्व जिवाणूंचे वजन भरते अवघे २०० ग्रॅम.

जठरात आम्ल असते आणि लहान आतड्यातून अन्न भराभर पुढे सरकते, त्यामुळे दोन्हीकडे वस्ती विरळ. मोठ्या आतड्यात मात्र अन्न रेंगाळते आणि प्राणवायू जवळपास नसतोच. तिथले बहुतेक रहिवासी हवा लागली की मरतात. म्हणूनच थिओडोर एशेरिख यांना १८८५ मध्ये बाळांच्या विष्ठेत जो जिवाणू सापडला, त्या ई. कोलायलाच पुढे अनेक वर्षे आतड्याचा प्रमुख रहिवासी मानले गेले. हवेत सहज वाढणारा तोच होता, एवढेच. खरे तर मोठ्या आतड्यात त्याचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. हवा वगळून जिवाणू वाढवण्याची तंत्रे आली, पुढे विष्ठेतील डीएनए थेट वाचता येऊ लागला, तेव्हा कुठे बाकीची वस्ती दिसली.

वस्ती बसते कशी

बाळाला पहिले जिवाणू बाळंतपणातच मिळतात: नैसर्गिक प्रसूतीत आईच्या जननमार्गातून आणि विष्ठेतून. सिझेरियनने आलेल्या बाळांत सुरुवातीला त्वचेवरचे आणि रुग्णालयातले जिवाणू अधिक दिसतात. हा फरक पुढच्या काही महिन्यांत बराच भरून येतो. आईच्या दुधात अशा काही शर्करा असतात, की त्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्या असतात बिफिडोबॅक्टेरियासाठी. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आंरी तिसिए यांनी अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेतून हा जिवाणू वेगळा केला, ती गोष्ट १८९९ ची. आई एका वेळी दोघांना पाजत असते, असे म्हटले तर ते अलंकारिक ठरणार नाही. दोन-तीन वर्षांचे मूल घरचे सगळे खाऊ लागले, की त्याची वस्ती मोठ्या माणसांसारखी होते.

नवजात बाळाला मांडीत व्हिटॅमिन के चे इंजेक्शन देतात. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व कमी असते आणि ते बनवणारे जिवाणूही अजून आतड्यात स्थिरावलेले नसतात, म्हणून. बी-१२ ची गोष्ट उलटी आहे. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते तयार करतात, पण शरीर ते शोषते त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. माल तयार होतो तो दुकान मागे पडल्यावर. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता इतकी का आढळते, याचा अर्धा खुलासा इथेच होतो.

चोथा आणि वारा

भाकरी, डाळी आणि पालेभाज्यांतला चोथा पचवायला लागणारी पाचकरसांची सामग्री माणसाकडे नाही, जिवाणूंकडे आहे. तो आंबवून ते अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही लहान मेदाम्ले बनवतात. यातले ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तराचे मुख्य इंधन. अस्तर ते जाळताना प्राणवायू वापरते, त्यामुळे आतली पोकळी प्राणवायूविना राहते आणि हवा न सोसणाऱ्या जिवाणूंचेच त्यात भले होते. चोथा बंद झाला, की हे चक्र अडखळते आणि काही जिवाणू अस्तरावरचा चिकट श्लेष्माच खाऊ लागतात.

आहाराचा हा परिणाम किती लवकर होतो हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. अमेरिकेतील २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या ग्रामीण भागातील २० जणांनी दोन आठवड्यांपुरती जेवणाची अदलाबदल केली. भरपूर चोथा आणि कमी चरबीचे गावाकडचे जेवण मिळालेल्या अमेरिकनांचे ब्युटिरेट वाढले आणि आतड्याच्या अस्तराची सूज उतरली. बर्गर-सॉसेजच्या वाटेला गेलेल्या आफ्रिकनांत नेमके उलटे घडले.

आंबवण्याबरोबर वायू आलाच. कडधान्यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या लहान आतड्यात फुटत नाहीत, जशाच्या तशा पुढे जातात आणि जिवाणू त्यांतून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड काढतात. मटकी रात्रभर भिजवून पाणी ओतून द्यायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, या घरोघरच्या रीतीत दोन गोष्टी साधतात: काही शर्करा पाण्याबरोबर जातात आणि उरलेल्यांतल्या बऱ्याचशा कोंब फुटताना दाणाच वापरून टाकतो. मोडाच्या उसळीने पोट कमी फुगते ते यामुळे. भात शिजून निवला, की त्यातल्या काही स्टार्चची ठेवण बदलते आणि तेही न पचता जिवाणूंपर्यंत पोचते. सकाळचा फोडणीचा भात त्यांच्याही वाट्याला येतो तो असा.

आजार

जिवाणू बदलून आजार हटल्याचे सर्वांत ठळक उदाहरण क्लॉस्ट्रिडिओइडीस डिफिसिल या जिवाणूचे आहे. त्याचे बीजाणू अनेकांच्या पोटात जातात, पण तिथली वस्ती शाबूत असेल तर ते रुजत नाहीत. यकृतातून आलेल्या पित्ताम्लांचे काही जिवाणू दुसऱ्या रूपात परिवर्तन करतात आणि ते रूप या शत्रूला वाढू देत नाही. अँटिबायोटिकचा मोठा कोर्स झाला, की राखणदार मरतात, मूळ पित्ताम्ले तशीच राहतात आणि त्यांच्याच इशाऱ्यावर बीजाणू उगवतात. मग दिवसाला दहा-पंधरा जुलाब, ताप, कधी आतडे फाटण्यापर्यंत मजल. पुन्हा अँटिबायोटिक द्यावे तर काही रुग्णांत आजार पुन्हा पुन्हा उलटतो.

डेन्व्हरचे शल्यविशारद बेन आयझमन यांनी १९५८ मध्ये अशाच प्रकारच्या आतड्याच्या दाहाने गंभीर झालेल्या चार रुग्णांना निरोगी माणसाच्या विष्ठेचा एनिमा दिला आणि ते बरे झाले. हा उपाय किळसवाणा म्हणून अनेक दशके बाजूला पडला. २०१३ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी त्याची रीतसर चाचणी घेतली. निरोगी दात्याची विष्ठा मिठाच्या पाण्यात कालवून, गाळून, नाकातून घातलेल्या नळीने लहान आतड्यात सोडली. १६ पैकी १३ जण पहिल्याच खेपेला बरे झाले. नुसते व्हॅन्कोमायसिन हे अँटिबायोटिक घेतलेल्या १३ पैकी फक्त ४. फरक इतका उघड होता, की चाचणी मध्येच थांबवावी लागली. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये या तत्त्वावरच्या दोन औषधांना मान्यता मिळाली. दुसरे तर कॅप्सूलच आहे. धोकाही खरा आहे: २०१९ मध्ये दात्याच्या विष्ठेतून आलेल्या, औषधांना न जुमानणाऱ्या ई. कोलायमुळे एक रुग्ण दगावला. त्यानंतर दात्यांची तपासणी कडक झाली. घरच्या घरी हा प्रयोग करण्याचे सल्ले इंटरनेटवर सापडतात, ते ऐकू नयेत.

दुसरे उदाहरण रोजच्या पाहण्यातले, तरी या चर्चेत फारसे न येणारे. लिव्हर सिऱ्हॉसिसचा, म्हणजे यकृत निबर होऊन निकामी होत चाललेला, रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो. हात पुढे धरायला सांगितले तर पंजे पंख फडफडल्यासारखे खाली पडतात. आतड्यातले जिवाणू प्रथिने आणि युरियापासून अमोनिया बनवतात. एरवी यकृत तो निपटते, निकामी यकृत निपटू शकत नाही आणि तो मेंदूपर्यंत जातो. यावर लॅक्टुलोज नावाचे गोड पातळ औषध देतात आणि ‘दिवसातून दोन-तीन वेळा पोट साफ झालेच पाहिजे’ असे नातेवाइकांना बजावून सांगतात. नातेवाइकांना ते नुसते जुलाबाचे औषध वाटते आणि शी पातळ झाली म्हणून ते बंद करतात. प्रत्यक्षात लॅक्टुलोज जिवाणूच आंबवतात, आतडे आम्लधर्मी होते आणि अमोनिया रक्तात न शिरता आतच अडकून बाहेर जातो.

कुपोषणातही पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. सेंट लुइसचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याचे तहमीद अहमद यांच्या गटांना असे दिसले, की कुपोषित मुलांची जिवाणू-वस्ती वयाच्या मानाने ‘लहान’ राहते, पोटभर खायला घालूनही. म्हणून त्यांनी त्या जिवाणूंना वाढवणारा खाऊ शोधला: हरभऱ्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ, शेंगदाणे आणि कच्ची केळी. ढाक्याच्या मीरपूर वस्तीतील १२ ते १८ महिन्यांच्या मुलांवरील चाचणीचा निष्कर्ष २०२१ मध्ये आला. या खाऊत नेहमीच्या पूरक आहारापेक्षा उष्मांक कमी होते, तरी वाढ अधिक चांगली झाली. पिनाकी पाणिग्रही यांनी ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर घेतलेली चाचणीही याच जातीची. आठवडाभर लॅक्टोबॅसिलस जातीचा एक जिवाणू आणि त्याचे खाद्य दिलेल्या बाळांत जंतुदोष आणि मृत्यू मिळून ४० टक्के कमी झाले. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले.

बाकीच्या आजारांत घाई नको. लठ्ठ माणसाची विष्ठा जंतुविरहित उंदराला दिली तर उंदीर जाड होतो, हे खरे. पण सडपातळ दात्याची विष्ठा दिल्याने माणसे बारीक झाली नाहीत. इन्सुलिनला मिळणारा प्रतिसाद थोडे दिवस सुधारला, इतकेच. क्रोन्स या आतड्याच्या जुनाट दाहाच्या आजारात ब्युटिरेट बनवणारा फिकॅलिबॅक्टेरियम घटतो. मात्र तो घटल्याने दाह होतो, की दाहामुळे तो घटतो, हे सुटलेले नाही. आतड्याच्या कर्करोगात तोंडात राहणारा फ्युझोबॅक्टेरियम सापडतो, आणि काही ई. कोलाय जे विष सोडतात त्याच्या खुणा गाठींच्या डीएनएवर ओळखता येतात. हा धागा इतरांपेक्षा मजबूत. सेरोटोनिन या मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या रसायनाबद्दलचे ‘शरीरातले ९० टक्के सेरोटोनिन पोटात बनते, म्हणून पोट सुधारा, मन सुधारेल’ हे विधान मात्र अर्धवट आहे. पोटातले सेरोटोनिन मेंदूत शिरतच नाही.

औषधांचा वाटा

हृदयाचे जुने औषध डिगॉक्सिन काही लोकांच्या आतड्यात एगरथेला लेंटा हा जिवाणू निकामी करून टाकतो. १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत न्यूयॉर्कच्या शंभरातल्या ३६ जणांत असे घडत होते, दक्षिण भारतात सुमारे १४ जणांत. पार्किन्सन्सवरच्या लेव्होडोपा या औषधाचेही काही अंशी तेच: मेंदूत पोचण्याआधीच एंटरोकॉकस हा जिवाणू त्याचे डोपामिन करून टाकतो, आणि डोपामिन मेंदूत शिरू शकत नाही. आतड्याच्या दाहावरच्या सल्फासालॅझिनचे उलट आहे. जिवाणूंनी फोडल्याशिवाय ते मोठ्या आतड्यात कामच करत नाही.

दही आणि प्रोबायोटिक

दह्याला औषधाचा मान मिळवून दिला पाश्चर संस्थेच्या एली मेचनिकॉफ यांनी. आतड्यात सडणाऱ्या अन्नाच्या विषाने म्हातारपण येते आणि आंबट दुधातले जिवाणू ते रोखतात, असे त्यांचे मत होते. १९०८ चे नोबेल त्यांना मिळाले ते या मतासाठी नव्हे, प्रतिकारशक्तीवरील कामासाठी. घरच्या विरजणातले जिवाणू आतड्यात वस्ती करत नाहीत, पाहुण्यासारखे जातात. तरी ते दुधातले बरेच लॅक्टोज आधीच संपवतात, त्यामुळे दूध न सोसणाऱ्याला ताक सोसते. बाजारातल्या प्रोबायोटिक, म्हणजे जिवंत जिवाणूंच्या, कॅप्सूलबद्दल बोलायचे तर फायदा त्या-त्या जिवाणूच्या त्या-त्या वाणापुरता असतो. एकाचा गुण दुसऱ्याच्या डबीवर छापणे ही जाहिरात झाली. विष्ठा तपासून ‘तुमचे चांगले जिवाणू इतके टक्के’ सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांचेही तसेच. निरोगी वस्तीचा सर्वमान्य नमुनाच अजून ठरलेला नाही.

भारतीय वस्ती

युरोप-अमेरिकेतील अनेकांत बॅक्टेरॉइडीस हा जिवाणू जास्त, तर भारतीयांत प्रिव्होटेला ठळक दिसतो. ११० निरोगी भारतीयांच्या २०१९ मधील अभ्यासात भोपाळकडच्या, मुख्यतः वनस्पतिजन्य आहार घेणाऱ्यांत प्रिव्होटेलाचे वर्चस्व होते. मासे-मांस खाणाऱ्या केरळच्या लोकांत चित्र निराळे निघाले. देश सुटला, की हा जिवाणूही सुटू शकतो. आग्नेय आशियातून मिनेसोटात गेलेल्या हमाँग आणि कारेन लोकांत अमेरिकेत राहण्याची वर्षे वाढतील तसा प्रिव्होटेला घटत गेला.

पुण्यात या विषयावर बरेच काम झाले आहे. राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि आघारकर संशोधन संस्थेतील दिलीप रानडे यांच्या गटांनी २०१२ मध्ये दोन एकत्र कुटुंबांतील तीन पिढ्यांच्या मिळून सहा जणांची वस्ती तपासली. सहा ही संख्या तुटपुंजीच, पण एका चुलीवरचे खाणाऱ्यांत वयाचा परिणाम तेवढा वेगळा काढता येतो, ही कल्पना नामी होती. पुण्याच्याच प्रयोगशाळेत माणसाच्या विष्ठेतून, हवा न लागू देता वाढवलेल्या एका जिवाणूचे २०१४ मध्ये मेगास्फेरा इंडिका असे नामकरण झाले.