अम्लरेखन : एकोणिसाव्या शतकातील फ्रान्स

तांब्याच्या पत्र्यावर अम्लाने रेषा खोदवून छाप काढण्याच्या कलेला अम्लरेखन किंवा एचिंग म्हणतात. फ्रेंच नाव 'ओ-फोर्त', म्हणजे 'तीव्र पाणी'; हे पाणी नायट्रिक अम्लाचे. सतराव्या शतकात रेम्ब्रांटने गाजवलेल्या या माध्यमाला फ्रान्समध्ये १८५० नंतर पुन्हा बहर आला.

धातूवर थेट कोरायचे तर जोर लागतो आणि वर्षानुवर्षांचा सराव. अम्लरेखनात पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांचा पातळ लेप देऊन तो काजळीने काळा करतात. सुई लेपावरून सहज फिरते. जिथून ती जाते तिथे तांबे चमकते आणि खोदण्याचे कष्ट अम्ल घेते. मनगटाची घाई, अडखळणे, उसंत हे सारे रेषेत जसेच्या तसे राहते. म्हणूनच कोरीवकाम न शिकलेले चित्रकारही याकडे वळले.

दोबिन्यी हा त्यांपैकी एक. १८५७ पासून तो 'बोतँ' नावाच्या नावेतून सेन आणि वाझ नद्यांवर हिंडत चित्रे काढी. या भटकंतीची अम्लरेखने १८६२ मध्ये निघाली. एका छापात तो नावेतल्या छपराखाली पाठमोरा बसून रंगवतो आहे. पलीकडे उघडी नदी. छाप हातात धरून पाहण्याएवढा लहान असल्याने आपण त्याच्या खांद्यामागून डोकावतो आहोत असे वाटते. या कलेतली जवळीक ती हीच.

त्याच वर्षी प्रकाशक आल्फ्रेद कादार याने अम्लरेखनकारांची संस्था स्थापली. १८६७ पर्यंत ती दरमहा पाच छाप वर्गणीदारांना देत होती. कवी बोदलेर याने तेव्हाच लिहिले की कलावंताचे अगदी खाजगी व्यक्तिमत्त्व या माध्यमात उतरल्यावाचून राहत नाही. ते पटते, पण उत्स्फूर्तता म्हणजे बेफिकिरी नव्हे. पूर्वी नौदलात अधिकारी असलेल्या मेरियाँने जुन्या पॅरिसची दृश्ये कित्येक पेन्सिल-अभ्यासांनंतर पत्र्यावर घेतली, आणि तरीही ती दृश्ये त्याच्या अस्वस्थ मनाचीच वाटतात.

मुद्रक ओग्युस्त देलात्र छापण्यापूर्वी पत्र्यावरची जादा शाई पुसताना तिचा हलका पापुद्रा मुद्दाम ठेवी, त्यामुळे आभाळ, धुके मऊ उमटे. चित्रकार लेपिकने ही युक्ती टोकाला नेली. नदीकाठच्या एकाच पत्र्यावरून त्याने ८५ निरनिराळे छाप काढले. रेषा त्याच, शाई लावण्या-पुसण्याच्या तऱ्हेने कुठे पाऊस, कुठे बर्फ, कुठे चंद्रोदय.